लाल दिवा लागला की गाडी बाजूला



गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतला एक तरुण टुरिस्ट परमिटची सात सीटची गाडी चालवतो. गाडी हप्त्यावर घेतलेली, आणि घरात कमावता तो एकटाच. नाशिकला मेहुणीचे लग्न होते. बायको, दोन मुले, आई आणि सासरची दोन माणसे अशी गाडी भरून तो सकाळी दहाच्या सुमारास कल्याणहून निघाला. शहापूर मागे पडले, कसारा घाट सुरू झाला आणि अर्ध्या चढावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पाण्याच्या लाटांत थर्मामीटर उभा केल्यासारखे चित्र असते ना, तोच दिवा.

शेजारी बसलेल्या आईने तो आधी पाहिला. "बाळा, हे लाल काय लागलंय रे?"

"काही नाही गं आई. सेन्सर खराब झाला असेल. इगतपुरीला चहाला थांबू तेव्हा बघतो."

इगतपुरी काही आली नाही. दोन-तीन वळणे चढल्यावर गाडीचा जोर गेला आणि बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. त्या गडबडीत त्याने बोनेट उघडले, हाताला फडके गुंडाळले आणि रेडिएटरची टोपी फिरवली. उकळत्या पाण्याचा फवारा उडाला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. कोणीतरी त्यावर टूथपेस्ट फासली. तिकडे लग्न लागत होते आणि नवरीची थोरली बहीण इकडे नवऱ्याला घेऊन दवाखान्यात बसली होती.

गाडी टोचन करून आणावी लागली. इंजिनचे हेड वाकले होते, गॅस्केट जळाली होती. तीन आठवडे गाडी गॅरेजात उभी राहिली. हप्ता मात्र कोणासाठी उभा राहत नाही. तो भरायला बायकोच्या कानातले गेले.

एवढे सगळे कशामुळे झाले? तर रेडिएटरच्या खालच्या होज पाईपची क्लिप ढिली होती. भारी वस्तू नव्हेच ती. पत्र्याची एक पट्टी आणि एक स्क्रू. महिनाभर त्या जागेवरून थेंब थेंब पाणी जात होते आणि हा गडी रोज सकाळी अर्धी बाटली नळाचे पाणी टाकून धंद्यावर निघत होता. हात बरा झाल्यावर मला भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, रोज पाणी टाकत होतो की मी. तरी गाडी तापली कशी?"

मी त्याला उलट विचारले, "रोज टाकलेले पाणी जात कुठे होते?" तो गप्प झाला. आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी तरुण टॅक्सी, टेम्पो, शाळेच्या गाड्या चालवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचे हे टिपण आहे.

कुकर आणि रेडिएटर

इंजिनात पेट्रोल, डिझेल किंवा सी.एन.जी. जळतो तेव्हा त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच चाके फिरवायच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते. ती काढून घेण्याचे काम कूलंटचे. वॉटर पंप, म्हणजे गॅरेजात ज्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात तो, कूलंट इंजिनाभोवती फिरवतो. तापलेले कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तिथे वाऱ्याने आणि पंख्याने निवते, परत आत जाते. मधे एक थर्मोस्टॅट असतो. तो इंजिन थंड असताना रस्ता बंद ठेवतो आणि बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो.

आता टोपीचे पाहू. आमच्या भगिनींना हे सांगायची गरज नाही की कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरची शिट्टी वाफ दाबून धरते म्हणून आतले पाणी १२० अंशांच्या जवळ जाते. रेडिएटरची टोपी हीच शिट्टीची कामगिरी करते. टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. म्हणून आतले कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण टोपी फिरवली की दाब एकदम सुटतो आणि तेच कूलंट त्या क्षणी उकळून बाहेर येते. वाफ जिरल्याशिवाय कुकरचे झाकण कोणी ओढत नाही. घरात कुकरला इतके जपणारा माणूस रस्त्यावर रेडिएटरची टोपी मात्र फडक्याने फिरवतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

ज्या गाडीत रेडिएटरवर टोपी नसून प्लॅस्टिकच्या बाटलीवरच दाबाचे झाकण असते, तिथेही हाच नियम. बाटली प्लॅस्टिकची दिसते म्हणून फसू नये.

दिवा काय सांगतो

चावी फिरवली की सगळे दिवे दोन-चार सेकंद लागतात आणि विझतात. तेव्हा हा दिवाही लागला पाहिजे. लागलाच नाही तर तोच बिघडलेला आहे, आणि वेळेला तो काही सांगणार नाही.

अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. सकाळी निळा दिवा लागतो. इंजिन थंड आहे, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या वेळाने तो विझतो. निळा असेपर्यंत गाडी पिदडू नये. पाच-दहा कि.मी. गेले तरी निळा विझत नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याचा संभव असतो. गाडी पेट्रोल जास्त खाते, पण घाबरण्यासारखे नसते. लाल दिवा लागला तर मात्र इंजिन ठरल्या मर्यादेच्या वर तापले आहे. काही गाड्यांत आणखी एक दिवा असतो, टाकीच्या आकारात लाटा असलेला. तो कूलंटची पातळी कमी झाल्याचे सांगतो. हा दुसरा दिवा लागला तर अजून थोडी संधी आहे असे समजावे, सवड नव्हे.

एक गोष्ट जुन्या ड्रायव्हरांनाही माहीत नसते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरे सांगतो. कूलंट पार निघून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो, दिवा विझू शकतो. म्हणून लाल लागून विझला, त्यात गाडीचा जोर कमी झाला किंवा गोडसर वास आला, तर "बरे झाले, विझला" म्हणून पुढे जाऊ नये.

रस्त्यावर काय करावे

पहिले काम, ए.सी. बंद. दुसरे, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. मे महिन्यात हीटर म्हटले की मागची मंडळी ओरडतील. ओरडू द्या, काचा उघडा. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच; तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. तेवढ्यात सुरक्षित जागा पाहून गाडी डाव्या बाजूला घ्यावी. घाटात वळणावर थांबू नये. सगळ्यांना रस्त्यापासून लांब उतरवावे, मागच्या चाकाला दगड लावावा, धोक्याचे चारही दिवे चालू करावेत.

वाफ दिसत असेल किंवा खाली धार लागली असेल तर इंजिन लगेच बंद. वाफ नाही, गळती नाही आणि पुढचा पंखा फिरतो आहे, असे असेल तर एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून पाहावे. दिवा विझला नाही तर बंद करावे. लाल दिव्याबरोबर बॅटरीचाही दिवा लागला तर एक मिनिटही थांबू नका. बऱ्याच गाड्यांत एकच पट्टा डायनॅमो आणि वॉटर बॉडी दोन्ही फिरवतो. दोन्ही दिवे एकदम लागले म्हणजे पट्टा तुटल्याची शंका घ्यावी.

त्यानंतर किमान अर्धा तास काहीही करायचे नाही. हे सर्वांत अवघड काम आहे. वाफ येत असेल तर बोनेटही उघडू नये. ती थांबल्यावर उघडावे. पंख्याजवळ हात नेऊ नये. विजेचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो. इंजिनावर वरून गार पाणी तर मुळीच ओतू नये. तापलेल्या धातूला एकदम गार पाणी लागले की चीर जाऊ शकते. आजच्या गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असते, ते तापून वाकायलाही वेळ लागत नाही.

वरच्या होज पाईपला हात लावता येईल इतका तो निवला की मग जाड फडके घेऊन, तोंड बाजूला ठेवून टोपी पाव फेरा फिरवावी. सू असा आवाज आला तर थांबावे. तो थांबल्यावर पूर्ण काढावी. कूलंट जवळ नसेल तर अडचणीच्या वेळी पिण्याचे साधे पाणी टाकावे, पण हळूहळू. टाकलेले पाणी खालून तसेच निघून जात असेल तर टोचन हाच उपाय. टोचनाचा खर्च जिवावर येतो हे मला कळते. हेडचे काम निघाले तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात.

आणि कोणी भाजलेच तर? टूथपेस्ट, हळद, बर्फ यातले काहीही लावू नये. बांगड्या, घड्याळ, अंगठी ताबडतोब काढावी आणि भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. घाटात नळ कुठला? पिण्याच्या बाटल्या ओता, दुसऱ्या गाडीवाल्याकडे मागा. मग स्वच्छ कापडाने सैलसे झाकून दवाखाना गाठावा. डोळे किंवा चेहरा असेल तर एक क्षण दवडू नये.

पाणी गेले कुठे?

कूलंटची व्यवस्था चारी बाजूंनी बंद असते. चांगल्या गाडीत महिनोन् महिने बाटलीतली पातळी फारशी हलत नाही. म्हणून सकाळी इंजिन गार असताना बाटलीवरच्या कमी आणि जास्त अशा दोन रेघांमध्ये कूलंट आहे का ते पाहावे, आणि आठवड्यात पातळी उतरली तर नुसते भरून मोकळे होऊ नये.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा घालून ठेवावा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग दिसला तर गळती आहे. ए.सी.चे पाणीही खाली पडते, पण ते बिनरंगाचे, बिनवासाचे असते; त्याला घाबरू नये. मग होज पाईपचे सांधे पाहावेत. जिथे झिरपते तिथे वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत ओघळ राहतो. वॉटर बॉडीच्या खाली असा ओघळ असेल तर तिचे सील गेले. क्लिप आवळणे घरी जमते, वॉटर बॉडी बदलणे गॅरेजचे काम. पाईप बोटाने दाबून पाहावा. फुगलेला, चिरलेला किंवा पिठासारखा मऊ झालेला पाईप बदलूनच टाकावा. पायाखालचे मॅट ओले आणि काचेवर चिकट धुके येत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. रेडिएटरच्या टोपीचे रबर कडक झाले तरी दाब टिकत नाही आणि पाणी उडते. टोपी ही स्वस्त वस्तू, ती आधी तपासावी; पण आकडा जुन्या टोपीचाच घ्यावा.

बाहेर कुठेच ओघळ नाही आणि पाणी तरी कमी होते, तेव्हा खरी काळजी. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का? ऑईलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखे काही दिसते का? इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत सारखे बुडबुडे येतात का? यातले काही असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जाते आहे. अशी गाडी भाड्यावर नेऊ नये, एका खेपेसाठीसुद्धा नाही.

काही वेळा पातळी बरोबर असते आणि तरी गाडी तापते. तेव्हा ती कुठे तापते ते लक्षात ठेवून मेकॅनिकला सांगावे. सिग्नलला, गर्दीत तापते आणि हायवेला लागली की निवते, तर पंख्याचे काम आहे. गाडी पळताना वारा मिळतो, उभी असताना पंखाच लागतो. फ्यूज, रिले, पंख्याची मोटर, याच क्रमाने पाहायला सांगावे, कारण फ्यूजची किंमत सर्वांत कमी. उलट, उभी असताना ठीक आणि चढाला, भरलेल्या गाडीला तापते, तर रेडिएटर चोंदला असेल, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल किंवा वॉटर बॉडीचा पंखा झिजला असेल. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत धूळ, पिसे आणि किडे अडकतात. ते आतल्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने धुतले तरी पुष्कळ फरक पडतो. जोराची धार मारून पाती वाकवू नयेत.

हे सगळे ठीक निघाले, तरच सेन्सर आणि त्याची वायर तपासायची. गंजलेला जोड खोटा दिवा लावतो, हे खरे आहे. पण आपली मंडळी जिथे शेवटी यायचे तिथून सुरुवात करतात.

कूलंट की नळाचे पाणी?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचा जमाना २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपला. त्या गाड्यांवर हात बसलेले जुने ड्रायव्हर डिकीत पाण्याचा कॅन ठेवत, काट्यावर नजर ठेवत, आणि काटा चढला की झाडाखाली गाडी लावून विडी ओढत. त्यांची नजर आणि त्यांचे थांबणे आजही घेण्यासारखे आहे. त्यांचा कॅन मात्र रोजच्या वापराला आता चालणार नाही.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ज्यांच्या घरी चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, त्यांनी तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो असे समजावे. पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून, नळ्यांत सळी घालून साफ करता येत. आजचे ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या टाक्या बसवलेले. ते चोंदले की बहुधा बदलावेच लागतात.

लोक म्हणतात, कूलंट हे थंडीच्या मुलखासाठी, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे पाणी गोठत नाही हे खरे, पण त्यामुळे ते उकळतेही उशिरा, आणि त्यातली औषधे आतून गंज धरू देत नाहीत. आपल्याला या दोन गोष्टी हव्या आहेत. तयार मिसळलेले कूलंट मिळते ते तसेच भरायचे. घट्ट मिळते ते बहुधा डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळायचे. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. रंगावर जाऊ नये. हिरवे, लाल, निळे हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. दोन जातींची कूलंट मिसळली तर आत गाळ होऊ शकतो, म्हणून गाडीच्या पुस्तकात जी जात आणि बदलायची जी मुदत दिली असेल तीच पाळावी. नळाचे पाणी टाकत आला असाल तर एकदा सगळे काढून, आतून धुऊन नव्याने भरून घ्यावे.

बाटली घरात ठेवू नका

शेवटी घरातल्या भगिनींसाठी. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून मोरीजवळ किंवा पलंगाखाली ठेवायची सवय मी अनेक घरांत पाहिली आहे. कूलंट रंगीत असते आणि चवीला गोड असते. आणि ते विष आहे. लहान मुलाला थोडेसेही घातक ठरू शकते. सुरुवातीला पोर झिंगल्यासारखे वागते, उलट्या करते. मग थोडे सावरल्यासारखे वाटते आणि पुढे मूत्रपिंडांवर घाव बसतो. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढत न बसता, पोर बरे दिसते म्हणून वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि कूलंटचा डबा सोबत न्यावा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

कूलंट त्याच्या मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे. गाडीखाली सांडलेले लगेच पाण्याने धुवावे, कारण गल्लीतले कुत्रे-मांजर ते चाटतात. गाडीतून काढलेले जुने कूलंट गटारात ओतू नये, ते गॅरेजवाल्याकडेच द्यावे.

त्या तरुणाचा हात आता बरा आहे, डाग राहिला आहे. परवा सकाळी त्याच्या दारावरून गेलो तर त्याची आई बोनेटजवळ वाकून उभी होती. म्हणाली, "दोन रेघांच्या मधे आहे बघा." गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला होता.

पुढील अंकात : ब्रेक ऑईल आणि घाटातला उतार.